साडूंचा न वाढणारा कॉम्प्युटर

माझ्या साडूंनी जन्मात एकही वस्तू आजच्या दिवसासाठी घेतली नाही. त्यांची प्रत्येक खरेदी पुढच्या कुठल्यातरी मोठ्या, भरल्या घराच्या दिवसासाठी असे आणि तो दिवस उजाडेपर्यंत घरातल्या सगळ्यांना ती ढगळ होत असे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. वाळूजच्या एका कारखान्यात फिटर. माणूस बुटका, काटक, पण मिशा पैलवानाच्या. "पुढं अंग भरंल या हिशेबानं ठिवल्यात," असं माझी बायको म्हणायची. पोरांच्या शाळेच्या चड्ड्या ते अशा मापाच्या शिवून घेत की चालताना आधी पोरं वळायची आणि मग थोड्या वेळानं चड्डी वळायची. थोरल्याला चौथीत घेतलेला शर्ट सातवीत अंगाला बरोबर बसला, त्या दिवशी साडूंनी गल्लीत पेढे वाटले. तोवर शर्टाचा रंग उडून तो नेमका कुठल्या शाळेचा हे ओळखू येत नव्हतं, पण ते त्यांच्या लेखी गौण होतं. आमच्या मुलीच्या बारशाला सगळ्यांनी अंगडी-टोपडी आणली. साडूंनी शाळेचं दप्तर आणलं. पाळण्यात पोरीच्या उशाशी ते ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लागंलच की पुढं."

त्यांचं घर पडेगावात. त्या काळी पडेगाव म्हणजे औरंगाबादेच्या पार बाहेर; दौलताबादच्या रस्त्याला तुरळक घरं आणि मध्ये मोकळी रानं. मी शहरात राहून खुलताबादच्या शाळेत मास्तरकी करत होतो, त्यामुळे येता-जाता माझी एस.टी. त्यांच्या दारावरूनच जायची आणि परतताना मी बहुधा तिथं उतरायचो. घर दोन खोल्यांचं. पण स्लॅबवर सगळीकडून लोखंडी सळया आभाळात गेलेल्या आणि बाहेरून एक पक्का जिना वर चढलेला. जिना जिथं संपायचा तिथं काहीच नव्हतं. एका नवख्या पोस्टमननं विचारलं, "वर कोण राहतं?" तर साडू म्हणाले, "अजून कोणी नाय. पुढं ऱ्हातीन." घराच्या रस्त्याकडच्या अंगाला त्यांनी शटर लावलेला एक गाळा काढून ठेवला होता. दुकान कसलं, हे ठरलेलं नव्हतं. तोवर त्यात सोयगावहून त्यांच्या आईनं धाडलेली शेळी राहायची. रोज दिवेलागणीला खडखड आवाज करत शटर खाली यायचं. अख्ख्या जिल्ह्यात शटरआड झोपणारी तेवढी एकच शेळी असावी.

या सगळ्याचं मूळ मला एकदा त्यांनीच सांगितलं. आमची दोन्ही घराणी मूळची मेंढरांमागची. "आमच्या बापाचं घर घोड्याच्या पाठीवर. जिथं चारा तिथं मुक्काम. आजचा दिवस गेला का गेला. पुढचं म्हणून त्यायच्याजवळ कायीच नव्हतं," असं ते म्हणाले आणि नंतर मिशीवर हात फिरवून, "म्हणून म्या ठरवलं, आपण नुसतं पुढचंच बघायचं."

कारखान्यात ते जेवणाचा डबासुद्धा चार खणांचा नेत. खालचे दोन भरलेले, वरचे दोन रिकामे. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता. नाव द्यायचा ठराव होऊन मागं पडला होता, खेड्यापाड्यांत घरं जळाली होती, माणसं गेली होती, मोर्चे निघत होते, तुरुंग भरत होते. आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणी न सांगता बाकं वेगळी झाली होती. साडूंच्याच खात्यात साळवे नावाचे एक फिटर होते. त्यांचं गावाकडचं घर त्या आगीत गेलं होतं आणि बायको-पोरीला घेऊन ते शहरात आले होते. एके दिवशी साळवे दाराजवळच्या बाकावर एकटे भाकरीचं फडकं सोडून बसलेले साडूंना दिसले. साडू आपला चार मजली डबा घेऊन तिथं गेले आणि म्हणाले, "साळवे, हे वरचे दोन खण रोज मोकळे हिंडू राहिलेत. तुमचं काही असंल तर घाला यात." त्यांना यात काही धाडस वाटलं नाही. मोकळी जागा वापरात आली, एवढाच त्यांचा आनंद. अक्कांनी मात्र सुरुवातीला तो डबा वेगळा घासला, हे मला माहीत आहे. पुढं साळव्यांच्या घरच्या ठेच्याची त्यांना अशी चटक लागली की डबा घरी आला की आधी त्याचा वरचा खण उघडून बघायच्या आणि तो रिकामा निघाला तर साडूंवर करवादायच्या, "एकटेच खाऊन आले व्हय?"

वाळूज वाढत होतं. एका वर्षी त्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं लेथ आलं. साडू जेवणाची सुट्टी सोडून त्याच्यापुढं उभे राहायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते माझ्या घरी आले ते डोळ्यांत चमक घेऊनच. "मास्तर, गाळ्याचं ठरलं! कॉम्प्युटर घ्यायचा. आज तिथं आला, उद्या सगळीकडं येणार." मी विचारलं, चालवणार कोण? त्याचंही उत्तर तयार होतं. साळव्यांची प्रज्ञा. गावातून निघताना कडेवर असलेली ती पोरगी आता मराठी-इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा पास झाली होती आणि चपला बाहेर काढून थंडगार खोलीत शिरायचं असतं तसल्या क्लासमध्ये जाऊन कॉम्प्युटरही शिकली होती. तिला बाहेरून बी.ए. करायचं होतं. घरात मात्र स्थळं बघायला सुरुवात झाली होती. काही कमावती झाली तर साळवे थांबायला तयार होते. साडूंनी तिला सांगितलं, "खोली माझी, बोटं तुझी. जे येईल ते निम्मं."

कॉम्प्युटर घ्यायला साडू, प्रज्ञा आणि मी असे तिघं गेलो. शहागंजाजवळ शकीलभाईंचं दुकान होतं. दुकानात शिरल्या शिरल्या साडूंची नजर एका उभ्या, कपाटासारख्या मशीनवर गेली. शकीलभाईंनी त्याचं झाकण काढून दाखवलं. आत निम्म्याहून जास्त मोकळं होतं. साडू वाकून बघत राहिले. वेरूळच्या लेण्यात पहिल्यांदा शिरलेला माणूस बघतो तसं. "मास्तर, आत लई जागा हाय हो!" शकीलभाईंनी सांगितलं, यात मेमरी वाढते, आणखी हार्डडिस्क बसते, पुढं काय वाटेल ते बसतं. साडू हरखले. पण तो आमच्या आवाक्याच्या फार बाहेर होता. आवाक्यात होता तो शेजारचा चपटा, पाटाएवढा डबा, ज्याच्यावर मॉनिटर ठेवला की तो दिसेनासाच व्हायचा. साडूंनी त्याला बोटानं टिचकी मारून विचारलं, "आन् हा? हा वाढतो ना पुढं?"

शकीलभाई मोठे सरळ माणूस. म्हणाले, "नईं साब, झूट नक्को. ये बढ़ता नईं. मेमरी अंदरीच चिपकी हुई है, दूसरी हार्डडिस्क कू जगा नईं. आज जैसा लेके जाते, वैसाच रैता."

जेवायला बसवून पुढचं ताट उचलून न्यावं तसा साडूंचा चेहरा झाला. जन्मात त्यांनी न वाढणारी वस्तू घरात आणली नव्हती. ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "चला. दोन दिवाळ्या थांबू, पण तो मोठाच घेऊ. पुढं बघू."

तोवर प्रज्ञा एक शब्द बोलली नव्हती. ती तशी मुलखाची गप्प. ती म्हणाली, "काका, हाच घेऊ. 'पुढं बघू' आमच्या घरात लई वर्षांपासून ऐकतोय. विद्यापीठाचा ठराव झाला तेव्हा मी कडेवर होते. अजून पुढंच बघू राहिलेत सगळे." मग जरा खाली बघून, "दोन दिवाळ्या बाबा थांबायचे नाहीत."

साडूंनी त्या मोठ्या मशीनच्या पोकळीकडं एकदा बघितलं, मिशी ओढली आणि शकीलभाईंना म्हणाले, "बांधा तो चपटा."

शेळीची रवानगी मागच्या अंगणात झाली आणि गाळ्याला चुना लागला. शेळीला हा अन्याय कधीच मान्य झाला नाही. शटर जरा उघडं दिसलं की ती आत घुसायची आणि हाताला, म्हणजे तोंडाला, लागेल तो कागद खायची. एकदा तिनं एका लग्नपत्रिकेचा कच्चा मसुदा वरपक्षाच्या बाजूनं खाल्ला आणि गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यात फक्त वधू आणि तिचे मामा शिल्लक होते. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून साडूंनी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. स्वतः तर पाय धुऊन आत यायचे. पण तो वाढत नाही ही सल त्यांना स्वस्थ बसू देईना. दर रविवारी पेचकस घेऊन ते त्याचं झाकण उघडायचे आणि आत आठवड्याभरात कुठं जागा झाली आहे का ते पाहायचे. प्रज्ञा श्वास रोखून शेजारी उभी असायची. शेवटी त्यांनी भंगारातला पत्रा आणून त्या डब्यासाठी एक भलंमोठं कपाट ठोकलं. खण, कड्या, वारा जायला जाळी, सगळं. त्यात तो चपटा डबा मोठ्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासारखा दिसायचा. शकीलभाई एकदा सहज आले होते. ते कपाट चारी बाजूंनी बघून म्हणाले, "साब, बाहर से कित्ता बी बढ़ाओ, अंदर वो वोइच है."

पण धंदा बरा चालला. वाळूजच्या कारखान्यांत अर्ज करणारी पोरं बायोडाटा करून घ्यायला यायची, लग्नपत्रिका यायच्या, एखादा प्रबंध यायचा. स्थळांचं बोलणं साळव्यांच्या घरात हळूहळू थंडावलं. दुपारच्या वेळी प्रज्ञा बी.ए.ची पुस्तकं मॉनिटरला टेकवून वाचायची आणि अक्का तिच्यापुढं चहा ठेवून जायच्या.

मग एका संक्रांतीच्या सुमारास ती बातमी आली. नामांतर नाही, नामविस्तार. जुनं नाव ठेवून त्याला नवं नाव जोडलं. कुठं गुलाल उधळला जात होता, कुठं भीती होती, चौकाचौकात पोलीस बसले होते. आमची एस.टी. बंद पडली आणि शाळाही. वातावरण जरा निवळल्यावर मी पडेगावला गेलो, तेव्हा साळवे गाळ्यात स्टुलावर बसले होते. प्रज्ञानं विद्यापीठाचं पूर्ण नवं नाव टाइप करून ठेवलं होतं आणि साडूंसह तिघंही त्या स्क्रीनकडं बघत होते. साळवे म्हणाले, "बदललं नाही. वाढवलं. मागितलं होतं वेगळं." मग स्क्रीनकडं बोट करून म्हणाले, "पण नाव आलं."

वाढवण्यावर साडू एरवी तासभर बोलले असते. त्या दिवशी त्यांनी नुसता आपला चहाचा कप साळव्यांच्या हातात दिला.

नाव वाढलं तशी कागदांची कामं सुटली. गावोगावच्या कॉलेजांना लेटरहेड, दाखले, पावत्या सगळं नव्यानं छापायचं होतं. त्यातलंच एक काम घेऊन बाहेरगावच्या एका कॉलेजचे हेडक्लार्क आमच्याकडं आले. मी त्या दिवशी तिथंच होतो. त्यांनी जुनं लेटरहेड पुढं ठेवलं आणि म्हणाले, "कॉलेजचं नाव आहे तसंच. खाली विद्यापीठाच्या नावात जे जुने शब्द आहेत ते असेच ठळक राहू द्या. नव्या शब्दांची नुसती आद्याक्षरं टाका, बारीक. पुढं टिंबं."

प्रज्ञाची बोटं की-बोर्डवरून उचलली गेली. ती मांडीवर हात घेऊन बसली.

"कामून?" साडूंनी विचारलं.

"मावत नाही हो एका ओळीत. दुसरं काय?" हेडक्लार्क इकडं तिकडं बघत म्हणाले.

"मावत नाय, एवढीच अडचण हाय ना?"

"एवढीच."

"मग बसा," साडू म्हणाले. "आगं, पावण्याला च्या टाक."

साडू वाद घालणाऱ्यांतले नव्हतेच. एखादी गोष्ट मावत नाही, असं त्यांच्या घरात येऊन कुणी म्हणावं आणि त्यांनी ते ऐकून घ्यावं, हेच मुळात शक्य नव्हतं. त्यांनी फूटपट्टी काढली, कागदाची कड सोडून ओळ किती मिळते ते मापलं, अक्षरं किती उंच ठेवता येतील ते मापलं आणि प्रज्ञाला सांगितलं, सगळे शब्द एकाच मापाचे घे. प्रज्ञानं घेतले. अक्षरं ठळक केली आणि मशीन गोठलं. तिनं बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा ओळ अर्ध्यावर आली आणि पुन्हा गोठलं. मेमरी पुरत नव्हती आणि वाढवायला जागा नव्हती. प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, ह्याच्यात होणार नाही. ह्याचा जीवच तेवढा आहे." हेडक्लार्क उठायला लागले.

साडू मशीनकडं बघत उभे होते. मग म्हणाले, "आजारी कोकराला एकदम पाजलं तर ते ओकतं. थोडं थोडं पाजावं लागतं. तू ह्याला एक एक शब्द दे."

तसंच केलं. प्रज्ञानं नावाचे तुकडे केले. एक शब्द एका पानावर, सगळे सारख्या मापाचे. मशीननं ते निमूट घेतले. लेझर प्रिंटर आमच्याकडं नव्हता, म्हणून साडू फ्लॉपी घेऊन लुनावर गुलमंडीला गेले आणि ट्रेसिंग पेपरवर छापून घेऊन आले. मग टेबलावर काच, काचेखाली बल्ब, हातात ब्लेड. लोखंडात केसाएवढी फट न ठेवणारे ते हात होते. साडूंनी एकेक शब्द कापून ओळीत चिकटवला आणि प्रज्ञा शेजारी एक डोळा मिटून रेघ सरळ आहे का बघत होती. "जरा वर, काका. आता बास." मधे वीज गेली, आली. हेडक्लार्कची गाडी चुकली. अक्कांनी त्यांना आमटी-भाकरी वाढली आणि ते गाळ्याच्या दारात बसून जेवता जेवता ह्या दोघांकडं बघत राहिले. शेळीही तेवढ्यात शटरखालून डोकावून गेली. मी तिला बाहेर काढलं. त्या दिवसातली माझी कामगिरी तेवढीच.

अंधार पडायच्या आत ओळ तयार झाली. नाव पूर्ण, सगळे शब्द सारखे, कडेला बोटभर जागा शिल्लक. हेडक्लार्कनी कागद उजेडात धरला.

"मावलं की," ते हळूच म्हणाले.

"मावलं," साडू म्हणाले. "छापायला टाकू?"

"साहेबांना दाखवतो आधी."

ते गेले आणि बरेच दिवस त्यांची काही खबर आली नाही. प्रज्ञा म्हणाली, "दुसरीकडं दिलं असंल त्यांनी." साडू नुसतं "हं" म्हणायचे आणि दर एस.टी.च्या आवाजाला बाहेर येऊन बघायचे. आपलं काम गेलं असं त्यांनी मनाशी धरलं होतं, हे मला त्यांच्या मिशीवरून कळत होतं. ती खाली आली होती. आणि एका दुपारी हेडक्लार्क उतरले. पिशवीतून तोच कागद काढला. खाली सही होती. "साहेबांना दाखवला," ते म्हणाले. "बराच वेळ बघत बसले होते. मग सही केली." आणि पिशवीतून आणखी एक लेटरहेड काढून म्हणाले, "हे आमच्या शेजारच्या कॉलेजचं. त्यांनाही तसंच पाहिजे. एका ओळीत."

गठ्ठे छापून आले त्या दिवशी साळवे पहिली पाळी करून सरळ गाळ्यात आले. त्यांनी आधी पँटला हात पुसले आणि मग वरचा कागद उचलला. ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, पण कागदाला लागू न देता, वरूनच. मग विचारलं, "एक नेऊ का?"

"एक कामून? गठ्ठा न्या," साडू म्हणाले.

"नाही. एकच."

त्यांनी तो कागद घडी न घालता प्रज्ञाच्या पुस्तकात ठेवला. मग दोघांनी चहा घेतला आणि ओव्हरटाइमवर बोलत बसले. प्रज्ञा पाठमोरी होऊन टाइप करत होती. त्या खडखडाटात मला तिचा हुंदका ऐकू आला की काय, हे मी आजही सांगू शकणार नाही.

प्रज्ञा त्याच मशीनवर बी.ए. झाली, पुढं एम.ए.ही झाली आणि जालन्याकडच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. लग्न तिनं आपल्या मनानं, नंतर केलं. तोवर शहरात गल्लोगल्ली मोठी मशीनं आली होती. मी एकदा साडूंना म्हटलं, आता घ्या तो वाढणारा. ते म्हणाले, "नको मास्तर. ह्यानं जेवढं केलं तेवढं लई झालं." त्यांच्या तोंडून "लई झालं" मी तेवढं एकदाच ऐकलं.

साडू जाऊन आता काही वर्षं झाली. गेले तेही कुणाला फार त्रास न देता, झोपेत. पडेगाव आता शहरातच आलंय आणि शहराचं नावही बदललंय. मागच्या महिन्यात मी अक्कांकडं गेलो तेव्हा ओट्यावर दोन कप दिसले. मी विचारलं, कोण आलं होतं?

"साळवे," अक्का म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा येतात. एवढ्या लांबून, दोन बस बदलून. आता ऐकू पण कमी येतं त्यायला. बोलत काय नाईत. बसतात, च्या पितात आन् जातात." कप उचलता उचलता त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "पण तेवढा वेळ घरात बरं वाटतं."